वीस फुटांतलं गाव

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात रविवारी सकाळी एखाद्या छोट्या सभागृहाच्या फाटकाशी टेम्पो उभा असतो. त्यातून प्लायवूडचे फ्लॅट, बांबू, दोन लोखंडी ट्रंका आणि पुठ्ठ्याचं एक वडाचं झाड उतरत असतं. बाजूला केस घट्ट बांधलेली पंचवीस-तीस मुलं आणि त्यांच्याहून जास्त पालक. बालनाट्य, त्यातही गाण्यांचं, नाचाचं, राजा-राक्षस-जंगल असं सगळं असलेलं. पहिली अडचण रंगमंचावर येत नाही, ती जिन्यात येते. फ्लॅट आठ फुटांचा, दार साडेसहा फुटांचं. फ्लॅट आडवा करून पाहतात, तिरका करून पाहतात, जिन्याच्या वळणावर तो अडकतो. मग कुणीतरी करवत शोधायला जातं, आणि राजवाड्याचा वरचा दीड फूट, कमानीसकट, पायरीवरच कापला जातो.

त्या कापलेल्या कमानीबद्दल हळहळ वाटते, पण नाटक म्हणून पाहिलं तर बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. या अंकाचा विषय ‘जागा’ आहे, आणि त्या निमित्ताने एकच गोष्ट मांडायची आहे. मोठं, कुटुंबाने मिळून पाहायचं संगीत नाटक गल्लीतल्या छोट्या सभागृहात नीट बसतं. पण ते त्या जागेसाठीच रचायला हवं. मोठ्या नाट्यगृहासाठी बेतलेलं नाटक कापून-ठोकून तिथे बसवायला गेलं की ते कापलेल्या कमानीसारखंच दिसतं.

चार नाट्यगृहं आणि बाकीचं शहर

छोट्या सभागृहात जायचंच कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी 1978 पासून गडकरी रंगायतन आहे, घोडबंदर रोडच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. ही चारही चांगली मोठी. पण तारीख हा तिथला खरा चलनी शब्द आहे. शनिवार-रविवारची सत्रं व्यावसायिक नाटकं, वाद्यवृंद, शाळांची संमेलनं आणि सत्कार यांच्यात वाटली जातात, आणि मुलांचं नाटक तर शनिवार-रविवारखेरीज होऊच शकत नाही. शिवाय सत्र म्हणजे काही तासांची मुदत. त्यात सेट लावायचा, प्रकाश जुळवायचा, प्रयोग करायचा आणि पुढच्या नाटकाचा टेम्पो दारात यायच्या आत सगळं उतरवायचं. तीस मुलांना रंगमंचाची सवय व्हायला जे दोन तास लागतात, ते या गणितात कुठेच बसत नाहीत. परक्या रंगमंचावर थेट प्रयोगाच्या दिवशी पाय ठेवणारं मूल पहिल्या गाण्यात हमखास दिव्याच्या बाहेर उभं राहतं.

मग उरतात शाळांची सभागृहं, वाचनालयांचे हॉल, मंडळांच्या वास्तू, मोठ्या नाट्यगृहाला जोडून बांधलेली ‘मिनी थिएटर्स’. घाणेकर नाट्यगृहाच्या इमारतीत असं एक आहे. ठाण्यात घंटाळीचं सहयोग मंदिर आहे, डोंबिवलीत टिळक रोडचं सर्वेश सभागृह आहे. रात्री आठ-नऊच्या लोकलने उतरणाऱ्या नोकरदार शहराला ही जागा परवडते, पैशापेक्षाही पायाने. दोन लहान मुलं, एक आजी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला नाटकाला जायचं म्हणजे रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा. घरापासून दहा मिनिटांवर नाटक असेल तर आजी येते. आणि कौटुंबिक नाटक आजीशिवाय कौटुंबिक होत नाही.

तीनशे चौरस फूट

आता त्या रंगमंचाचं माप घेऊ. समजा दर्शनी रुंदी वीस फूट आणि खोली पंधरा, म्हणजे एकूण तीनशे चौरस फूट. पुढचे दोन फूट पडद्याच्या रेषेसाठी आणि पायदिव्यांसाठी सोडायचे, मागचे दोन फूट सायक्लोच्या, म्हणजे मागच्या पडद्याच्या, पाठीमागून पलीकडे जाण्यासाठी. उरतात अकरा फूट. मागच्या बाजूला लेव्हलच्या दोन पायऱ्या, प्रत्येकी दीड फूट खोल. आता नाचायला मोकळी जमीन वीस बाय आठ, एकशे साठ चौरस फूट. दहा वर्षांच्या मुलाने दोन्ही हात पसरले की साडेचार फूट होतात. धक्का न लागता गिरकी घ्यायची तर पंचवीसेक चौरस फूट जागा त्याच्या मालकीची हवी. म्हणजे सहा मुलं. तीस मुलांच्या नाटकात एका वेळी सहाच नाचू शकतात.

हे गणित कागदावर पाहून अनेक हौशी संस्था माघार घेतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे गणित न मांडता तीसही मुलांना एकदम नाचवतात. मग हात कोपरापासून आखडतात, नजर शेजाऱ्याच्या पायाकडे लागते, आणि भव्य म्हणून बसवलेलं गाणं सहाच्या लोकलच्या डब्यासारखं दिसतं. पण उरलेल्या चोवीस मुलांकडे नीट पाहा. उभं राहायला एका मुलाला दीड फूट रुंदी पुरते. बारा मुलं एका पायरीवर, अठरा फुटांत. दुसरी बारा त्यांच्या मागे, एक पायरी वर. प्रेक्षकाला काय दिसतं? अख्खी मागची भिंत चेहऱ्यांनी भरलेली, आणि समोर सहा मुलं मोकळी नाचताहेत. कडवं संपलं की पायरीवरची सहा खाली येतात, नाचणारी सहा वर जातात. पाच कडव्यांत तीसही मुलं नाचून होतात.

या रचनेत भिंत हे नेपथ्यही आहे आणि गाण्याची साथही. चोवीस कंठ मागे उभे असतात. राजवाडा हवा असेल तर त्यांच्या हातात काठ्या द्या, जंगल हवं असेल तर फांद्या. रंगवलेला फ्लॅट एकच गोष्ट दाखवतो आणि दोन प्रवेशांच्या मध्ये तो बदलायला अंधार करावा लागतो. माणसांची भिंत गाणं चालू असतानाच बदलते. अंधार पडला की पहिल्या रांगेतली चार वर्षांची प्रेक्षक मंडळी रडायला लागतात, ही गोष्ट बालनाट्याला ब्लॅकआउट किती महाग पडतो हे सांगायला पुरेशी आहे.

भिंत आपलीच आहे

हे काही नवं नाही. सतीश आळेकरांपासून आजच्या एकांकिका स्पर्धांपर्यंत मराठी रंगमंचाने समूहाचं जे जे करून पाहिलं, त्याच्या मुळाशी लोकनाट्य आहे. 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात, भास्कर चंदावरकरांच्या संगीतात आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेत ब्राह्मणांची रांगच पडदा झाली, भिंत झाली, वाडा झाली आणि जमाव झाली. पेशवाईतलं पुणं उभं करायला प्लायवूड लागलं नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात तर एक बाकडं पुरतं. त्यावर राजा बसला की सिंहासन, आणि त्याच बाकड्यावर युद्धाचा आवेशही उभा राहतो. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्र उजाडते. ठाणे-डोंबिवलीत कोकणातून आलेली घरं किती आहेत ते गणपतीत कळतं. जाखडीचा फेर सोसायटीच्या वाहनतळात दोन गाड्यांच्या मधल्या जागेत रंगतो, आणि त्या फेराला कुणी छोटा म्हणत नाही. या प्रेक्षकाला माणसांची भिंत वाचायला शिकवावं लागत नाही.

बालरंगभूमीलाही हे ठाऊक होतं. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ साहित्य संघात केलं, ते मात्र ट्रिकसीन, झगमगाट, डोळे दिपवणारं नेपथ्य यांच्या वाटेने गेलं, आणि तीही वाट खरी होती, कारण मुलांना मोठ्यांच्या तोडीचा रंगमंच मिळाला पाहिजे हा त्यामागचा आग्रह होता. मतकरींनी पुढे 1962 मध्ये स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ठाण्यात नरेंद्र बल्लाळांच्या ‘नवल रंगभूमी’ने मुलांची नाटकं केली. ‘आविष्कार’च्या ‘चंद्रशाला’ विभागाने ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात पन्नासहून जास्त मुलं रंगमंचावर उभी केली. आणि याच मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यात, समता विचार प्रसारक संस्थेबरोबर, ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, ज्यात वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यावरची नाटिका बसवतात. ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणाऱ्या माणसाला मुलांच्या नाटकासाठी शेवटी मूल आणि त्याची गोष्ट एवढंच अटळ वाटलं, याला मी पुरावा मानतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आजच्या मुलाने पडद्यावर काय काय पाहिलेलं असतं! 2023 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दोन हजार आसनांच्या प्रेक्षागृहात ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं, ते ठाण्याच्या मुलांनीही पाहिलं. 1985 पासून ‘जाणता राजा’ने मैदानावर घोडे आणि हत्ती आणले. त्यानंतर वीस फुटांत हातात फांदी धरलेली बहीण पाहून त्या मुलाचं समाधान कसं होणार? उत्तर त्या भव्य नाटकांकडेच आहे. ब्रॉडवेवर 1997 मध्ये ‘द लायन किंग’ आलं तेव्हा आफ्रिकेचं गवताळ रान दाखवायला ज्युली टेमरने नर्तकांच्या डोक्यावर गवताचे चौकोन ठेवले आणि त्यांना चालवलं. चालणारं रान. मुलं ज्यावर थक्क झाली ती गोष्ट डोंबिवलीतही करता येते. पडद्याशी स्पर्धा करायची असेल तर पडद्याला जे कधीच जमणार नाही तिथे करायला हवी. तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या खुर्चीला राक्षसाची शेपटी घासून जाते, हे मोबाईलला जमत नाही. मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला राक्षस बोटाएवढा दिसतो. दोनशे आसनांच्या सभागृहात शेवटची रांगही राक्षसाच्या डोळ्यांतलं काजळ पाहते. छोटी जागा दृश्य लहान करत नाही, ते जवळ आणते.

पेटी थांबते, ट्रॅक थांबत नाही

नेपथ्याचा प्रश्न असा सुटतो. आवाजाचा सुटत नाही, आणि छोट्या सभागृहातली संगीत नाटकं फसतात ती तिथे. आजची सर्वसाधारण रीत अशी: गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायची, प्रयोगात ट्रॅक लावायचा, मुलांनी ओठ हलवायचे किंवा वरून गायचं. मोठ्या नाट्यगृहात याला काही कारण आहे. छोट्या सभागृहात नाही, तरी तिथला युक्तिवाद असा: तीस मुलांना तीस कॉलर माइक लावणं खर्चाने अशक्य. दोन-चार टांगते माइक लावले तर ते गाण्याबरोबर पंख्याची घरघर आणि पायांची धडधडही उचलतात, आणि स्पीकर जवळ असल्याने शिट्टी वाजते. म्हणून ट्रॅक. पण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. सात वर्षांच्या मुलाची एक ओळ चुकली की गाणं पुढे निघून जातं, आणि ते मूल उरलेलं कडवं बघत उभं राहतं. ते बघणं प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला दिसतं.

पेटी थांबते. हा शोध आपल्या संगीत नाटकाने फार पूर्वी लावला. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं तेव्हा माइक नव्हताच. 1882 च्या ‘सौभद्र’मधली शंभराहून जास्त पदं नुसत्या गळ्यावर नाट्यगृहाच्या मागच्या बाकापर्यंत गेली. पुढे ऑर्गन आला, साथीला तबला आणि सारंगी होती, पण साथीदार नटाकडे तोंड करून बसायचे. नटाने तान लांबवली तर ते लांबवायचे, वन्समोअर आला तर पुन्हा धरायचे. छोट्या सभागृहात हीच बैठक रंगमंचाच्या एका कोपऱ्याखाली लावता येते: एक पेटी, एक तबला-ढोलकी, एक तालवाद्यं सांभाळणारा. तबला स्पीकरविना पुरतो. एकल गाण्यांसाठी चार माइक, समूहाचा आवाज मोकळा. ओळ चुकली तर पेटीवाला मूळ सूर धरून ठेवतो, मूल पुन्हा येतं, आणि चूक झाली हे दिग्दर्शकाखेरीज कुणाला कळत नाही.

हे भाबडेपण नाही, हे इतरत्रही सिद्ध झालेलं आहे. न्यूयॉर्कच्या सलिव्हन स्ट्रीटवरच्या दीडशेच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात 1960 मध्ये ‘द फँटास्टिक्स’ हे संगीत नाटक सुरू झालं. साथीला एक पियानो आणि एक हार्प. ते 2002 पर्यंत चाललं, 17,162 प्रयोग. इंग्लंडमध्ये न्यूबरीजवळच्या वॉटरमिल या जुन्या गिरणीतल्या छोट्या नाट्यगृहात जॉन डॉयलने 2004 मध्ये सॉन्डहाइमचं ‘स्वीनी टॉड’ केलं, आणि वाद्यवृंदाला जागा नाही म्हणून नटांच्याच हातात वाद्यं दिली. जागेच्या अडचणीतून निघालेली ती युक्ती पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर गेली. डोंबिवली-कल्याणात तबला, पेटी, व्हायोलिन शिकणारी मुलं प्रत्येक इमारतीत सापडतात. कल्याण गायन समाजासारखी संस्था ज्या गावात आहे तिथे साथीदार मिळत नाही ही तक्रार टिकत नाही. मिळत नाहीत ती तालमीला सलग वेळ देणारी माणसं.

स्नेहसंमेलन आणि नाटक

मग पैशाचं काय? व्यावसायिक निर्माता म्हणेल, दोनशे आसनांत तीस जणांचा संच म्हणजे आत्महत्या. त्याचं गणित त्याच्या जागी बरोबर आहे. दोनशे रुपये तिकीट आणि सगळ्या खुर्च्या भरल्या असं धरलं तरी चाळीस हजार. त्यातून भाडं, प्रकाश, ध्वनी, कपडेपट, टेम्पो आणि साथीदारांचं मानधन गेल्यावर नटांच्या वाट्याला चहा येतो. पण गल्लीतल्या नाटकाचं गणित दुसरीकडून सुरू होतं. तीस मुलं, प्रत्येकाच्या घरचे चार: एकशे वीस खुर्च्या पहिल्याच दिवशी भरल्या. व्यावसायिक नाटकाला मोठा संच हा खर्च असतो, गल्लीतल्या नाटकाला तो प्रेक्षक असतो.

इथेच खरा बोचरा आक्षेप आहे: मग हे नाटक कसलं, हे तर स्नेहसंमेलन झालं. आई-बाबा, मामा-मावशी येणार, आपल्या मुलाच्या एन्ट्रीला मोबाईल वर करणार, आणि मूल विंगेत गेलं की खाली. हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. नाटक आणि संमेलन यांतली सीमारेषा तिसऱ्या प्रयोगाला ओलांडली जाते. पहिल्या दोन प्रयोगांत नातेवाईक संपतात. तिसऱ्याला जो येतो तो अनोळखी असतो, त्याला कुणाच्याही मुलाचं कौतुक नसतं, त्याला गोष्ट हवी असते. म्हणून संस्थांनी सगळी पुंजी एका दिमाखदार प्रयोगावर उधळण्यापेक्षा एकाच सभागृहात ओळीने चार-पाच रविवार धरावेत. छोट्या जागेत हे शक्य आहे, मोठ्या नाट्यगृहात सलग पाच रविवार कुणी देत नाही. नेपथ्य तिथेच ठेवता आलं तर टेम्पो एकदाच लागतो. आणि प्लायवूडवर वाचलेला पैसा तालमीच्या जागेवर, साथीदारांवर आणि मुलांच्या खाण्यावर खर्च करावा. प्रेक्षकाला रंगवलेली विटांची भिंत आठवत नाही. सहा मुलांनी एकदम उचललेला पाय आठवतो, आणि तो पाय एकदम उचलला जायला चाळीस तालमी लागतात.

सायक्लोच्या मागचे दोन फूट

एक गोष्ट मात्र अशी आहे जिथे छोट्या जागेची कसलीही तरफदारी करता येत नाही. प्रेक्षकाला न दिसणारी बाजू. तीस मुलं, कपडे बदलायला दोन खोल्या, चार फुटी विंग, आणि तिथेच दिव्यांच्या वायरी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा महाराष्ट्राला पुन्हा दिसलं की रंगमंच म्हणजे लाकूड, कापड आणि वीज. तिथे तेव्हा प्रयोग चालू नव्हता, म्हणून नुसती वास्तू गेली. विंगेत मुलं उभी असतील तर? म्हणून छोट्या सभागृहात उघडी ज्योत नको, बाहेर जायच्या दाराशी ट्रंक नको, आणि विंगेत पालक नकोत. दहा मुलांमागे एक जबाबदार मोठं माणूस, त्याच्या हातात नावांची यादी, एन्ट्रीआधी आणि एक्झिटनंतर मोजणी. पालकांना हे आवडत नाही. मुलाच्या गालावरची रंगभूषा पुसली गेली की आईला आत यायचंच असतं. तिला थांबवायला दारात एखादी खमकी मावशी लागते, आणि ज्या संस्थेकडे अशी मावशी आहे तिचे प्रयोग वेळेवर सुरू होतात.

आणि मग ते मागचे दोन फूट. डाव्या विंगेतून गेलेल्या मुलाला पुढच्या गाण्यात उजवीकडून यायचं असतं. सायक्लोच्या मागे वाट असेल तर ते अंधारात, भिंतीला हात लावत, जमिनीवरच्या पांढऱ्या टेपवरून पलीकडे जातं. वाट नसेल तर इमारतीच्या बाहेरून, जिना उतरून, आवारातून धावत जाऊन दुसऱ्या दारातून यावं लागतं, पावसाळ्यात मुकुटावर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. अनेक छोट्या सभागृहांत ही वाट नाही, कारण बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे व्याख्यान होतं, नाटक नव्हतं. मागच्या भिंतीला खुर्च्यांची थप्पी लावली जाते, किंवा मूळ रंगमंचच भिंतीला टेकवून बांधलेला असतो. आपल्या महापालिका नव्या वस्त्यांमध्ये सभागृहं बांधणार आहेत, जुन्यांची डागडुजी करणार आहेत. मोठ्या एलईडी पडद्याची मागणी आधी येते, वातानुकूलनाची येते. नाटकवाल्यांनी त्याआधी दोन गोष्टी मागाव्यात, आणि दोन्ही आराखड्यावरच मागाव्यात, कारण नंतर त्या भिंती फोडल्याशिवाय मिळत नाहीत: सायक्लोच्या मागे दोनऐवजी तीन फुटांची वाट, आणि आवारातून थेट रंगमंचावर उघडणारं, टेम्पोच्या उंचीला असलेलं, नऊ फुटांचं दार.